आडावरचा बंब

मंडळी, आधीच सांगून टाकतो... भूत, भानामती, अंगात येणं, लिंबू-मिरची, यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. म्हणजे खूप वाचन करून, विचार करून मी त्या निष्कर्षाला आलो होतो अशातला भाग नाही. निव्वळ आळस. देवाचंच आपल्याच्यानं धड होत नाही, त्यात भुतांची उस्तवार कोण करणार? आमच्याकडे दर अमावस्येला बंबाच्या पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधतात. ते लिंबू मी दुसऱ्या दिवशी सोडून सरबत करून प्यायलेलो आहे. मिरची वडापावबरोबर. काही झालं नाही. ॲसिडिटी झाली, पण ती मला तशीही होते.

हा ग्रुप मी बरेच दिवस नुसताच वाचतोय. इथं बहुतेकांच्या अनुभवात पांढऱ्या साडीतली बाई असते, पैंजण वाजतात, मोगऱ्याचा वास येतो. माझ्या अनुभवातही बाई आहे. पण ती ओली बाळंतीण आहे आणि तिच्या केसांत कोंबडीची पिसं अडकलेली आहेत. वासही आहे, पण मोगऱ्याचा नाही. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या. खरंच सांगतो.

मी नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात ड्रायव्हर आहे. गाव नगर जिल्ह्यातलं, राहुरीच्या बाजूचं, सगळीकडं ऊसच ऊस. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. आमच्या बंबावर दोन्ही नावं आहेत, जुनं रंगवलेलं आणि नवीन त्याच्यावर चिकटवलेलं. उन्हानं स्टिकरचा कोपरा सुटलाय, त्यामुळं लांबून नक्की काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नाही.

आमच्या कामाबद्दल लोकांच्या कल्पना सिनेमातल्या असतात. शिडी, चौथा मजला, रडणारी हिरॉइन. आमच्याकडं चौथा मजला एकच, तो पण बेकायदेशीर. आमची आग म्हणजे उसाची. कुणीतरी पाचट पेटवून देतो, वारा फिरतो, आणि शेजाऱ्याचा उभा ऊस धडाधडा जळायला लागतो. बाकी वर्षभर बंबाची कामं वेगळीच. झाडावर अडकलेलं माकड, विहिरीत पडलेली म्हैस, पुढाऱ्याच्या पोराच्या लग्नात पाण्याचा टँकर, जयंतीच्या आधी पुतळा धुणं. एकदा तर हेलिपॅडवर धूळ उडू नये म्हणून आम्हाला पाणी मारायला नेलं होतं, आणि हेलिकॉप्टर दुसऱ्याच तालुक्यात उतरलं.

माझे स्वतःचे पराक्रम विचाराल तर ते गावाला तोंडपाठ आहेत. एका लग्नाच्या मांडवामागं धूर दिसला म्हणून मी आगीची वर्दी आलेली नसताना घुसलो आणि आचाऱ्याची चूल विझवली. जिलेबीसकट. नवरीचा मामा आजही मला बघितलं की रस्ता बदलतो. दुसऱ्या खेपेला इतक्या घाईनं निघालो की फायरमनला स्टेशनातच विसरलो. आगीजवळ एकटाच पोचलो आणि सायरन वाजवत बसलो.

विसरलेला फायरमन म्हणजे शब्बीरभाई. माझ्यापेक्षा वयानं मोठे, पंपावर तेच असतात. पाणी सोडणं, प्रेशर बघणं, सगळं त्यांच्याकडं. नोझल धरायला मी, कारण आमच्याकडं माणसंच तेवढी. त्यांचे अब्बा आणि आजोबा याच पेठेतले, त्यामुळं आमच्या स्टेशनाचा इतिहास मला त्यांच्याकडूनच कळला. तो ऐकल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

बंब यायच्या आधी गावात आग लागली की चावडीवर थाळी बडवायचे. बाजारतळावर एक आड होता. दगडानं बांधलेला, अरुंद, खोल. थाळी वाजली की घराघरातून माणसं घागरी घेऊन त्या आडाकडं पळायची आणि आगीपर्यंत रांग धरायची. भरलेली घागर पुढं, रिकामी मागं. "त्या दिवशी कुनी कुनाला विचारायचं नाही, घागर कुनाची, हात कुनाचा," शब्बीरभाई सांगतात. "दुसऱ्या दिवसापासून परत विचारायचे." आड कधी आटला नाही, असं अब्बा म्हणायचे.

मग नळ आले. नळ आल्यावर आडाची किंमत किती, तर शून्य. आधी लोक त्यात निर्माल्य टाकायला लागले, म्हणजे पाप न लागता कचरा टाकायची सोय झाली. मग कांदेवाल्यांनी सडके कांदे टाकले. मग चिकनवाल्यांनी पिसं, आतडी, मुंड्या. मेलेली कुत्री-मांजरं कुणी टाकली ते कुणीच सांगत नाही, पण टाकली सगळ्यांनी. आड भरला तेव्हा नगरपरिषदेनं त्यावर मुरूम लोटून स्लॅब घातला आणि शॉपिंगचे गाळे बांधले. बाजारतळाची मोक्याची जागा! पण पहिला उन्हाळा आला आणि स्लॅबच्या फटीतून असा वास यायला लागला की एकही गाळा गेला नाही. फुकट म्हटलं तरी कुणी घेईना.

मग काय करायचं? मधल्या भिंती पाडल्या आणि झालं फायर स्टेशन. उद्घाटनाला पाहुण्यांनी एका हातानं फीत कापली, दुसऱ्यानं नाक धरलं. आमच्या गावाच्या इतिहासातलं सर्वांत छोटं भाषण त्या दिवशी झालं.

तर बंब उभा राहतो तो बरोबर त्या आडावर. खाली फट आहे, हाताची बोटं जातील एवढी. मी एकदा वैतागून त्यात सळई घालून बघितली होती. हातभर आत गेली आणि कशाततरी रुतली. बाहेर काढली तेव्हा टोकाला जे लागलं होतं, त्याचं वर्णन करत नाही. दोन वेळचं जेवण गेलं नव्हतं मला. कापूर जाळला, फिनेल ओतलं, उदबत्त्या लावल्या. उदबत्तीनं काय झालं, तर मेलेल्या कुत्र्याची आरती चालल्यासारखं वाटायला लागलं. घरी गेलो की बायको दारातच थांबवायची. "आधी मोरी. मग घर." संसार असा चालला होता.

आता मूळ गोष्टीवर येतो. गेल्या वर्षीची रंगपंचमी.

आमचे एक नेते आहेत. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. रंगपंचमीला त्यांची मिरवणूक निघते आणि त्यासाठी दरवर्षी ऑफिसातून तोंडी निरोप येतो... बंब पाठवा. टाकीत गुलाबी रंगाची पोतीच्या पोती रिकामी करायची, वर अत्तर ओतायचं, आणि गर्दीवर फवारत हिंडायचं. गावाला प्यायला पाणी एक दिवसाआड. बंब म्हणजे आगीसाठी राखलेलं पाणी. आणि ते असं डीजेच्या तालावर उडवायचं. दरवर्षी मला किळस यायची. आणि दरवर्षी मी नोझल धरून पुढं असायचो, हेही खरंच. या खेपेला भाऊ ट्रॉलीवर चढून "माझ्या मायबाप जनतेनं..." म्हणाले आणि त्यांच्या उघड्या तोंडात माझा नेम लागला. चुकून हो. शब्बीरभाई पंपाआड तोंड लपवून हसत होते.

मिरवणूक संपली, टाकी संपली. शब्बीरभाई मधूनच पायी स्टेशनात आले, मी बंब घेऊन मागून आलो. आमच्यात एक साधा नियम आहे, परत आलं की आधी जलकुंभावर जाऊन टाकी भरायची, मग चहा. त्या दिवशी आधी चहा झाला. मग मी कानातला रंग काढत बसलो. मला वाटलं, मी हातपाय धुवेपर्यंत शब्बीरभाई कुणाला तरी घेऊन टाकी भरून आणतील. त्यांना वाटलं, हा येताना भरूनच आलाय, कारण रोज येताना मीच भरतो. असं दोघांचं वाटून झालं आणि बंब रिकामाच उभा राहिला.

तेवढ्यात फोन. शिवारातल्या शेवटच्या उसाच्या फडाला आग लागलीय आणि वारा ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांकडं वळलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची झोपडी. बांबू, वर उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, वर प्लॅस्टिकचा कागद. पाथर्डी-शेवगावकडच्या टोळ्या दिवाळीनंतर येतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, त्यात राहतात. आगीला याच्यापेक्षा चांगलं खाद्य मिळणार नाही.

सायरन लावून निघालो. बाजारातून, स्टँडवरून, पुलाकडं. पुलाआधी एक स्पीडब्रेकर आहे. भरलेला बंब त्याच्यावरून कसा जातो ते माझ्या कमरेला माहीत आहे. दबून जातो, मागून पाणी डुबुक करून ढकलतं. त्या दिवशी बंब उडाला. टुणकन. रिकाम्या ट्रॉलीसारखा.

मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

"शब्बीरभाई... टाकी?"

"काय टाकी?"

"भरली ना तुम्ही?"

ते माझ्याकडं वळले. गालावर गुलाबी रंग, डोळे पांढरे. "दिल्या," ते म्हणाले, "मला वाटलं तू भरली."

मागं फिरायचं तर जलकुंभ गावाच्या दुसऱ्या टोकाला. पुढं पाट होता, पण आवर्तन संपलेलं, पाट कोरडा. विहिरींवर मोटारी, पण लाईट नाही. शब्बीरभाईंनी दुसऱ्या गावच्या बंबाला फोन लावला. तोही रंगपंचमीतच होता. मी शिव्या घातल्या. भाऊला, रंगाला, ऑफिसला, चहाला, आणि सगळ्यात जास्त स्वतःला. पण गाडी थांबवली नाही. का ते विचारू नका. सायरन चालू होता, लोक रस्ता देत होते, एक म्हातारा हात जोडून उभा होता. त्याच्यासमोर यू-टर्न कसा मारणार?

आता इथून पुढं मला स्वतःचाच भरवसा नाही, तरी जसं झालं तसं सांगतो.

शिवारातल्या शेवटच्या वळणावर बंब जड झाला. वळण घेताना मागचा भाग ओढला, पाणी एका अंगाला गेलं की ओढतो तसा. स्टिअरिंगला कळलं. कमरेला कळलं. मी ब्रेक दाबला आणि मागून डुबुक झालं. मी शब्बीरभाईंकडं बघितलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. फक्त गाडीत वास यायला लागला. तोच. स्टेशनातला.

मला वाटलं, माझ्या कपड्यांचा असेल.

पोचलो तर बायका छाती बडवत होत्या, गडी बादल्यांनी माती फेकत होते. कडेच्या कोप्या पेटल्या होत्या. मधली एक अजून उभी होती, पण तिच्या दाराच्या बाजूनं जाळ आडवा आलेला. एक तरणा माणूस, भागवत म्हणून, टोळीतला, माझ्या दाराला लोंबकळलाच.

"आवं बंबवालं! माझी बायकू हाय आत! मंदा! वली बाळंतीन हाय वं, लेकरू हाय बरुबर! मारा पानी, मारा की!"

"हो, हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पाईप ओढला, नोझल धरलं आणि त्या कोपीसमोर जाऊन उभा राहिलो. हातात रिकामा पाईप. आत एक बाई आणि तान्हं लेकरू. मागं सगळी टोळी माझ्याकडं बघतेय. आयुष्यात मी पुष्कळदा मूर्ख ठरलोय, पण कुणाचा जीव जाईल असा मूर्खपणा कधी केला नव्हता. मला ओरडून सांगायचं होतं की पाणी नाही, बादल्याच चालू ठेवा. पण मी नोझलच आणखी घट्ट धरलं.

मागं शब्बीरभाईंनी पंप चालू केला. नंतर मी विचारलं, टाकी रिकामी माहीत असताना का चालू केला? ते म्हणाले, "हात गेला."

पाईप फुगला.

मंडळी, रिकाम्या टाकीवर पंप लावला की तो किंचाळतो आणि पाईप मेलेल्या सापासारखा पडून राहतो. हा पाईप माझ्या काखेत असा ताठला की मी दोन पावलं मागं सरकलो. आणि नोझलमधून जे बाहेर पडलं...

पाणी म्हणू का त्याला? काळं होतं ते. हिरवट काळं. पहिल्याच झपाट्याला वास आला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सडलेला कांदा, कुजलेली फुलं, आतडी, मेलेलं जनावर... वर्षानुवर्षं गावानं नाक धरून जे जे त्या भोकात लोटलं होतं, ते सगळं माझ्या हातातून सुसाट बाहेर पडत होतं. पिसं उडत होती. झेंडूच्या काळ्या माळा. कांद्याच्या साली. एवढ्या घाणीनं नोझल केव्हाच तुंबायला पाहिजे होतं. तुंबलं नाही. वारा माझ्याकडं होता, निम्मं माझ्याच तोंडावर. मी ओकलो. नोझल सोडता येत नव्हतं, म्हणून तसाच, उभ्यानं, स्वतःच्याच छातीवर ओकलो. त्या पाण्यापेक्षा माझ्या ओकारीचा वास बरा होता, यावरून काय ते समजा. मागं बायका पदर नाकाला लावून "आगं आई गं, काय मारतोय ह्यो!" म्हणून पांगल्या.

पण जाळ दबला.

चांगल्या पाण्यानं दबतो त्याच्यापेक्षा लवकर दबला. जणू त्यालाही किळस आली.

भागवत पळत माझ्यासमोर आला आणि हात पसरून उभा राहिला. "मला भिजवा!" मी त्याला नखशिखांत भिजवला. तो माणूस ओकला नाही, थुंकला नाही, डोळेसुद्धा पुसले नाहीत. तसाच दारातून आत घुसला. मी कोपीवर पाणी धरून होतो आणि मनात एकच चाललं होतं, आत्ता संपेल, आत्ता संपेल. आमची भरलेली टाकीसुद्धा पूर्ण दाबानं मारली तर बघता बघता संपते. हे पाणी चालूच होतं.

भागवत बाहेर आला तो वाकळंत गुंडाळलेली मंदा उचलून. तिच्या पोटाशी लेकरू. तिघंही काळी. तिच्या केसांत पिसं, लेकराच्या टाळूवर कसलासा शेवाळ्याचा चट्टा. मग ते लेकरू शिंकलं आणि असं भोकाड पसरलं त्यानं...

"रडतीया," मंदा म्हणाली. "रडू द्या तिला. लई वास येतुया, पर जित्ती हाय."

मी खाली बसून पुन्हा ओकलो. या वेळी कारण वेगळं होतं.

पेटलेली शेवटची कोपी विझली आणि पाईप सैल पडला. लगेच. पंप किंचाळायला लागला, रिकामी टाकी किंचाळवते तसा. शब्बीरभाईंनी तो बंद केला.

मग आम्ही दोघं टपावर चढलो आणि टाकीचं झाकण उघडलं. मी टॉर्च मारला. आतल्या पत्र्यावर सकाळच्या रंगाचा थर होता. गुलाबी. वाळलेला. बोट लावलं तर कोरडी पावडर बोटाला लागली. तळापर्यंत तसाच. आणि अत्तराचा वास येत होता.

ते काळं पाणी त्या टाकीतून गेलं असतं तर तो रंग राहिला नसता, हे सांगायला फायरमन लागत नाही.

"शब्बीरभाई, हे कसं काय?"

"झाकन लाव," ते म्हणाले. "आनि कुनाला बोलू नको. आधीच तुझं नाव खराब हाय."

स्टेशनात परत आलो तेव्हा माझ्या अंगाला एवढा वास मारत होता की सुरुवातीला लक्षातच आलं नाही. साबणानं घासून घासून अंघोळ केली, कपडे जाळले, आणि मग जाणवलं, की स्टेशनात वास नाही. शब्बीरभाई स्लॅबच्या फटीपाशी गुडघे टेकून बसले होते, नाक लावून. मीही लावलं. दोन मोठी माणसं जमिनीला नाक लावून हुंगतायत. काही नाही. ओल्या दगडाचा असतो तसा जरासा गारवा, बस.

यानंतर जे झालं त्याची किळस मला त्या पाण्यापेक्षा जास्त येते. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. "भाऊंच्या तत्परतेमुळे मायलेकीचे प्राण वाचले." फोटोत भाऊ गुलाबी. त्याच दिवशी ऑफिसातून मला विचारणा... आग विझवताना दुर्गंधीयुक्त पाणी का वापरले, खुलासा करा. मी लिहून दिलं की सुगंधी पाणी मिरवणुकीत संपलं होतं. ते परत आलं, "नीट लिहा" म्हणून.

आणि पावसाळा संपता संपता गावात बातमी फुटली की स्टेशनातला वास गेलाय. वास गेला म्हणजे जागा परत मोक्याची झाली! महिनाभरात भाऊंचा माणूस टेप घेऊन गाळे मोजायला हजर. स्टेशन कुठं न्यायचं, तर रेल्वेफाटकापलीकडं एका पत्र्याच्या शेडमध्ये. म्हणजे फाटक पडलं की गाव जळायला मोकळं. मी ऑफिसात जाऊन सांगितलं. तिथले साहेब म्हणाले, "तुम्ही खुलासा दिला का नीट?"

मग मी माझ्या बुद्धीला झेपेल ते केलं. बाजारातून बोंबील आणले, चांगले उग्र, सुतळीला बांधले आणि त्या फटीतून खाली सोडले. वास पाहिजे ना? घ्या वास! सळई हातभर गेल्यावर रुतली होती, म्हणून सुतळी तेवढी पुरेल असं वाटलं, पण ती जातच राहिली. मी म्हटलं, कचरा खाली बसला असेल. पूर्ण बंडल सोडलं आणि टोक भिंतीतल्या हुकाला बांधलं.

"येड्या, मांजरं येतील," शब्बीरभाई म्हणाले.

"येऊ द्या. मोजायला येणारा माणूस तर जाईल."

चार-आठ दिवस झाले. ना वास, ना मांजर. मला वाटलं, बोंबीलवाल्यानं फसवलं.

त्याच सुमारास टोळ्या परत आल्या. एका दुपारी भागवत आणि मंदा स्टेशनाच्या दारात उभे. कडेवर पोरगी, गुबगुबीत, दोन दात, माझ्या टोपीकडं बघून हसणारी. मंदाच्या हातात नारळ.

"दादा, त्या दिशीचं पानी कुटलं हुतं वं? तितं नारळ फोडायचा हाय. आत्या म्हनली, पान्याचं देनं ठिवू नये."

शब्बीरभाईंनी सरळ स्लॅबकडं बोट केलं. "इथलं. आड हाय खाली."

ती पदर सावरून पुढं निघाली. बाई श्रद्धेनं नारळ फोडणार आणि बरोबर त्याखाली मी बोंबील टांगलेत! मी आडवा पळालो. "थांबा, थांबा वहिनी, जरा साफ करतो," म्हणत सुतळी सोडली आणि भराभरा वर ओढायला लागलो.

हाताला गार लागलं. सुतळी ओली होती. जितकी वर येत होती तितकी जास्त ओली. फरशीवर थेंब पडत होते. शेवटी बोंबील वर आले. होते तसेच होते, भिजून फुगलेले, आणि त्यांच्यातून पाणी ठिबकत होतं. निवळ. नळाला येतं त्याच्यापेक्षा निवळ.

मी वास घेतला. हो, घेतला. बोंबलाचासुद्धा वास नव्हता हो त्या बोंबलांना.

मंदानं त्यांच्याखाली ओंजळ धरली. मासळी आहे, काय आहे, तिनं बघितलंसुद्धा नाही. ओंजळीत जमलं तेवढं पाणी तिनं पोरीच्या टाळूला लावलं. पोरगी हसली.

"त्येच ना ह्ये पानी?" तिनं विचारलं.

"व्हय," शब्बीरभाई म्हणाले. मी बोंबील धरून तसाच उभा.

स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. कुणाकडं असेल तर जरूर लिहा. फक्त गटार झिरपलं असेल असं लिहू नका. तो विचार मी पहिल्याच दिवशी करून पाहिलाय, आणि त्या बाजूला गटार नाही. मी भावनेच्या भरात होतो असंही लिहू नका. मी ओकण्याच्या भरात होतो.

गाळ्यांचं अजून ठरलेलं नाही. टेपवाला परत येईल म्हणतात. बोंबील मी पुन्हा सोडलेले नाहीत, हिंमत होत नाही. आता बंब परत आला की आधी टाकी भरतो, मग चहा. रंगपंचमीचा निरोप यंदाही आला होता, त्या दिवशी बंबाचा क्लच गेला. तो मीच घालवला होता, त्यात अमानवीय काही नाही.

टाकी भरून आणली की शब्बीरभाई त्यातलं एक बादलीभर पाणी फटीत ओततात. देणं ठेवू नये म्हणतात. खाली खूप खोल कुठंतरी ते पाण्यावर पडल्याचा आवाज येतो, असं ते सांगतात. मी ऐकलेला नाही. त्या वेळेला मी मुद्दाम बंबाचं इंजिन चालू ठेवतो.